ॲक्टिव्हेटेड कार्बन: पोटात, डायलिसिसला आणि ईटीपीत खरंच किती कामाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरच्या आरओत कार्बन आहे, मिस्टरांच्या कंपनीच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, कार्बन आहे, आणि आता एक नातेवाईक म्हणतायत 'डिटॉक्स'साठी चारकोलच्या कॅप्सूल रोज घे, तर हे सगळं एकच असतं का आणि औषधात, प्रदूषण रोखायला त्याचा खरंच उपयोग होतो का. तर माल बऱ्याचदा एकच असतो, अगदी नारळाच्या करवंटीपासून केलेला, उपयोग खरा आहे, पण रोज कॅप्सूल घेऊ नका. मी केमिकल इंजिनिअर आहे, डायलिसिस युनिटचे पाण्याचे प्लांट आणि कारखान्यांचे ईटीपी ह्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे पोटातल्या विषाबद्दल खाली जे लिहितोय ते डॉक्टर म्हणून नाही, कार्बनवाला म्हणून वाचा.

आधी हा कार्बन काम कसं करतो ते बघू, कारण बाकीची सगळी उत्तरं तिथूनच निघतात. साधा लोणारी कोळसा घेतला आणि त्याला ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफ दिली की वाफ आतला थोडा थोडा कार्बन खात जाते आणि कोळशात अतिसूक्ष्म भोकं पडत जातात, बरीचशी तर २ नॅनोमीटरपेक्षाही लहान. ह्या भोकांच्या भिंतींचं क्षेत्रफळ धरलं तर एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर भरतं, म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन. करवंटी ह्यासाठी उत्तम कारण ती कडक असते, दाणे पाण्यात घासून लवकर झिजत नाहीत आणि भोकं बारीक पडतात. लाकडापासून फॉस्फोरिक ॲसिड वापरूनही करतात, त्याची भोकं जरा मोठी असतात, रंग काढायला तो बरा.

आता ह्या भिंतीला काय चिकटतं? रेणू मोठा असेल, त्याला पाण्यात राहायला फारसं आवडत नसेल, त्यात बेंझिनसारखी कडी असेल तर तो पटकन चिकटतो. कीटकनाशकं, डाय म्हणजे रंगद्रव्यं, फिनॉल, क्लोरोफॉर्म, पाण्याचा मातकट वास, आणि हो, बरीचशी औषधं. जे लहान आणि मिठासारखे विरघळणारे असतात ते साध्या कार्बनला चिकटत नाहीत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), नायट्रेट, पाण्याचा जडपणा, फ्लोराइड, दारू, लिथियम, लोह ह्यातलं काही तो धरत नाही. क्लोरीनचं प्रकरण वेगळं आहे, क्लोरीन चिकटत नाही तर कार्बनशी रिॲक्शन होऊन त्याचा क्लोराइड होतो, म्हणून क्लोरीन काढणं कार्बनला सगळ्यात सोपं जातं. आणि मुख्य म्हणजे क्लोरीन आणि त्याच्यासारखी मोजकी द्रव्यं सोडली तर कार्बन कशाचाही नाश करत नाही, फक्त धरून ठेवतो. जागा भरली की धरणं बंद, आणि जास्त घट्ट चिकटणारं काही आलं तर आधीचं सोडूनही देतो. त्यामुळे कुठेही कार्बन दिसला की माझे प्रश्न तेच असतात: नक्की कुठला रेणू काढायचाय, त्याला कार्बनसोबत किती वेळ मिळतोय, शेवटचा कधी बदलला, आणि वापरलेला कुठे टाकता.

आता पोटातलं बघू. टुएरी नावाच्या फ्रेंच फार्मासिस्टची गोष्ट ह्या क्षेत्रात सगळे सांगतात, १८३१ साली त्याने म्हणे फ्रेंच ॲकॅडमीसमोर जीव जाईल त्याच्या दहापट स्ट्रिक्निन १५ ग्रॅम कोळशाबरोबर गिळलं आणि तो जिवंत राहिला. आज ॲक्टिव्हेटेड चारकोल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हॉस्पिटलमध्ये मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, लहान मुलाला वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम असा पाण्यात कालवून देतात, आणि विष पोटात गेल्यावर पहिल्या तासाभरात दिला तर उपयोग जास्त, कारण रक्तात उतरलेलं औषध पोटातला कोळसा कसा धरणार. काही मोजकी औषधं, म्हणजे फेनोबार्बिटल, कार्बामॅझेपिन, थिओफिलिन, डॅप्सोन, क्विनीन, ही रक्तातून किंवा पित्तातून परत आतड्यात येत राहतात, त्यांच्यासाठी डॉक्टर पुन्हा पुन्हा डोस देतात.

ह्यातला सगळ्यात चांगला अभ्यास आपल्या शेजारचा, श्रीलंकेतला आहे. तिथे पिवळ्या कण्हेरीच्या बियांची, म्हणजे आपल्याकडे बिट्टी म्हणतात तिची, विषबाधा खूप होते. २००३ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ४०१ रुग्णांचा अभ्यास आला, पुन्हा पुन्हा कोळसा दिलेल्यांत मृत्यू २.५ टक्के आणि न दिलेल्यांत ८ टक्के. मग सगळे खूष. पुढे २००८ साली ४६३२ रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात कण्हेर होती, कीटकनाशकं होती, इतर विषं होती, आणि फरक जवळपास दिसलाच नाही, ६.३ टक्के विरुद्ध ६.८. कोळसा तोच, पण बरेचसे रुग्ण हॉस्पिटलला पोचेपर्यंत काही तास गेलेले होते, आणि ऑर्गॅनोफॉस्फेटसारखं कीटकनाशक तोवर रक्तात गेलेलं असतं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात फवारणीच्या विषबाधेचे पेशंट तालुक्याहून जिल्ह्याला येतात तेव्हा हेच गणित असतं, आणि फवारणीत तर बरंचसं विष कातडीतून आणि श्वासातून जातं, तिथे पोटातला कोळसा काय करणार.

म्हणून घरी कुणी काही प्यायलं तर कोळसा शोधत बसू नका, चुलीतला किंवा जळक्या भाकरीचा तर अजिबात नाही, त्यात ती भोकंच नसतात. गुंगीत असलेल्याला काहीही पाजलं तर ते फुप्फुसात जातं आणि कोळसा फुप्फुसात जाणं हे मूळ विषाइतकंच वाईट ठरू शकतं. रॉकेल, ॲसिड, ड्रेन क्लीनर पोटात गेलं असेल तर डॉक्टरसुद्धा कोळसा देत नाहीत. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा, वेळ वाचवणं हेच तुमच्या हातात आहे.

डिटॉक्स कॅप्सूलचं उत्तर आता तुम्हालाच देता येईल. शरीरातला रोजचा कचरा लिव्हर आणि किडनी काढतात, तो रक्तात असतो, कॅप्सूल आतड्यातून सरळ बाहेर. पण वाटेत ती तुमची थायरॉइडची गोळी, गर्भनिरोधक गोळी, फिटची गोळी, जे काही त्या दिवशी घेतलंय ते धरून नेते, तिला औषध आणि विष ह्यातला फरक कळत नाही. न्यूयॉर्क शहरात काळी आइस्क्रीम आणि काळे ज्यूस फार वाढले तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने हॉटेलांना ते विकायला मनाई केली. गॅसेससाठी मात्र थोडा आधार आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये जेवणाआधी किमान अर्धा तास १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम असा दावा मान्य केला, पण तेसुद्धा इतर औषधांपासून वेळ सोडून आणि रोजच्या सवयीसाठी नाही. चारकोल टूथपेस्टचं म्हणाल तर अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २०१७ साली आढावा आला होता, ती सुरक्षित आहे आणि गुणकारी आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आपली आजी राखुंडीने दात घासायची, दात पांढरे दिसायचे आणि झिजायचेही.

डायलिसिसचं मात्र लोकांना फारसं माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण औषधाच्या बाजूला कार्बनचं सगळ्यात मोठं आणि रोजचं काम माझ्या मते हेच आहे. मशीनमध्ये डायलिसेटचा, म्हणजे रक्त स्वच्छ करणाऱ्या द्रावणाचा, प्रवाह साधारण मिनिटाला ५०० मिली असतो, चार तासाच्या एका सेशनला झाले १२० लिटर, आणि हे पाणी पेशंटच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावर असतं. तुम्ही आम्ही दिवसाला दोन-तीन लिटर पितो आणि तेही आतड्यातून गाळून आत येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि मूळ पाण्यात अमोनिया असेल, सांडपाणी झिरपलेली विहीर असेल, उन्हाळ्यात कुठून तरी आलेला टँकर असेल, तर क्लोरीन अमोनियाशी जुळून क्लोरामाइन होतं. हे पिण्यात गेलं तर फार काही होत नाही. डायलिसिसमधून रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात, पेशंटचं हिमोग्लोबिन पडतं, आणि कुणाला कळतच नाही की हे पाण्यामुळे झालं. आरओ मेंब्रेन क्लोरामाइन नीट अडवत नाही, आणि क्लोरीनने मेंब्रेन स्वतःच खराब होतं, त्यामुळे दोन्हीसाठी आधी कार्बन लागतो आणि त्याला दुसरा पर्याय सहज मिळत नाही.

म्हणून नीट डिझाइन केलेल्या युनिटमध्ये कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक असतात, आणि पाण्याला दोन्हीत मिळून किमान १० मिनिटं कार्बनसोबत मिळाली पाहिजेत. हिशोब सोपा आहे, आरओला ताशी १००० लिटर पाणी जात असेल तर दोन्हीत मिळून किमान १६७ लिटर कार्बन पाहिजे. मी बघितलेल्या लहान सेंटरांत कित्येकदा एकच बारकी टाकी असते, आधी चार मशीन होती तेव्हा घेतलेली, आता दहा मशीन झाली तरी तीच, पाणी त्यातून धावत जातं आणि कार्बन नवा असूनही क्लोरामाइन पलीकडे निघतं. टेस्टचा नमुना घ्यायचा तो पहिल्या टाकीनंतर, दुसऱ्या टाकीच्या आधी, म्हणजे पहिल्या टाकीतून क्लोरामाइन निसटू लागलं तरी दुसरी पेशंटला सांभाळून असते आणि तुम्हाला कार्बन बदलायला सवड मिळते. प्लांट चालू करून पंधरा मिनिटं झाल्यावर, पेशंट जोडायच्या आधी, प्रत्येक शिफ्टला. आणि फ्री क्लोरीन बघून थांबायचं नाही, क्लोरामाइन त्यात दिसतच नाही, टोटल क्लोरीन बघायचा, तो लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली पाहिजे. घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल तर टेक्निशियनला हे रजिस्टर दाखवा म्हणून बिनधास्त विचारा, चांगल्या युनिटमध्ये ते भिंतीलाच टांगलेलं असतं.

किडनीसाठीच जपानमध्ये १९९१ पासून कोळशाचे बारीक गोळे तोंडाने देतात, एएसटी-१२० नावाचे, ते आतड्यातलं इंडोल नावाचं द्रव्य धरतात म्हणजे पुढे रक्तात होणारं एक विषारी द्रव्य कमी होतं. कल्पना छान, पण नंतर बऱ्याच देशांत मिळून केलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये किडनीची घसरण त्याने थांबली नाही.

भोकांचा नसलेला कार्बनही औषधात आहे, तो भराभर सांगून टाकतो. हृदयाच्या कृत्रिम झडपांचा काळा चकचकीत भाग पायरोलिटिक कार्बनचा असतो, हे मटेरियल मुळात अणुभट्टीच्या इंधनाच्या कणांवर लेप द्यायला केलेलं, रक्ताला ते तितकंसं खुपत नाही आणि कोट्यवधी वेळा उघडझाप करून झिजत नाही, १९७७ साली आलेली सेंट ज्यूडची दोन पाकळ्यांची झडप त्याचीच. तरी रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावीच लागते. आपल्या तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९० मध्ये जी देशी झडप बसवली तिची चकती मात्र कार्बनची नाही, एका कडक पॉलिथिनची आहे, स्वस्त पडावी म्हणून, आणि ती उत्तम चालली. शुगर तपासायच्या बऱ्याच पट्ट्यांवर जे काळं छापलेलं दिसतं तो कार्बनचा इलेक्ट्रोड. सीटी स्कॅनचा टेबल कार्बन फायबरचा, कारण एक्स-रे त्यातून आरपार जातात. नॅनोट्यूब आणि ग्राफीनमधून औषध पोचवायच्या बातम्या येतात त्या सध्या प्रयोगशाळेतल्याच समजा, आणि लांब ताठ नॅनोट्यूब फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारखं वागतात असं दिसलंय, एका प्रकाराला तर आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २०१४ मध्ये 'शक्यतो कर्करोगकारक' गटात टाकलंय.

आता पर्यावरणाची बाजू. घरच्या फिल्टरपासून सुरुवात करू. तुमच्या आरओतला कार्बन मुख्यतः मेंब्रेनला क्लोरीनपासून वाचवायला आहे, सोबत वास आणि कीटकनाशकं थोडीफार निघतात. नुसता कार्बनचा फिल्टर जंतू मारत नाही, उलट क्लोरीन काढून टाकल्यावर आतली ओली काळी जागा जंतूंना आवडते, म्हणून आठवडाभर गावाला जाऊन आलात की पहिलं बादलीभर पाणी सोडून द्या आणि फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) कंपनी म्हणते तेवढ्या महिन्यांनी बदला, पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून पुढे ढकलू नका. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे तिथे कुणी कार्बन फिल्टर विकत असेल तर घेऊ नका, फ्लोराइडला कार्बन हातही लावत नाही. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना आहे, आरओ आहे, आणि आपल्या नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली तुरटी-चुना-ब्लीचिंग पावडरची नालगोंडा पद्धत आहे.

ईटीपीबद्दल मिस्टरांना विचारा की एसीएफमधला, म्हणजे कार्बनच्या टाकीतला, मीडिया (आत भरलेला माल) शेवटचा कधी बदलला. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं 'कमिशनिंगला (प्लांट सुरू करताना) भरला होता'. पीएसएफ (वाळूचा फिल्टर) आणि एसीएफ ह्या दोन उंच निळ्या टाक्या प्रत्येक ईटीपीच्या शेवटी उभ्या असतात, डाय किंवा केमिकल युनिटमध्ये त्या कार्बनची जागा काही आठवड्यांत भरून जाते आणि नंतर ती टाकी म्हणजे महागडा वाळूचा फिल्टर. बॅकवॉश केला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून टाकी धुतली, की कार्बन ताजा होतो असा एक मोठा गैरसमज आहे, बॅकवॉशने वर साठलेला गाळ निघतो, आत चिकटलेलं काही निघत नाही. कार्बन नेहमी शेवटी ठेवायचा, आधी तेल आणि गाळ काढायचा, जैविक प्रक्रियेने जेवढं निघतंय तेवढं निघू द्यायचं, उरलेला हट्टी रंग आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) कार्बनला द्यायचा. कच्च्या सांडपाण्यावर कार्बन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे दारू गाळून उरलेल्या पाण्याचा, तांबडा रंग कार्बनने निघतो, प्रयोगशाळेत मस्त निघतो, पण तो इतका गडद असतो की कारखान्याच्या पातळीवर कार्बनचं बिल बघून मालक बेशुद्ध पडेल.

खरेदी करताना सप्लायर आयोडीन नंबर सांगतो, ९०० म्हणजे बरा, १००० म्हणजे चांगला. तो नंबर बारीक भोकांबद्दल सांगतो, डायचे रेणू मोठे, त्यांच्यासाठी मेथिलीन ब्लू किंवा मोलॅसिसची टेस्ट बघा. त्याहून बरं म्हणजे तुमचंच पाणी घ्या, चार-पाच बरण्यांत वेगवेगळ्या मापाने कार्बन टाका, ढवळा, गाळा आणि सीओडी बघा, एका दिवसात कळतं की ह्या पाण्यावर ह्या कार्बनने काही होणार आहे की नाही. वजनाने घेत असाल तर ओलावा बघाच, हवेत उघडी राहिलेली गोणी बरंच पाणी पिते आणि ते तुम्ही कार्बनच्या भावाने घेता.

हवेच्या बाजूला कार्बनचं एक काम दवाखान्याशीच जोडलेलं आहे. जैववैद्यकीय कचरा जाळतात तिथे प्लास्टिकमुळे डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी द्रव्यं तयार होतात, २०१६ च्या नियमांत त्यांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू (सगळ्यांची विषारीपणानुसार एकत्र बेरीज) इतकी कडक आहे, आणि तिथवर यायला धूर थंड करून त्यात कार्बनची पावडर फवारून बॅग फिल्टरमध्ये पकडणं हा नेहमीचा मार्ग आहे. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या धुरातला पारा धरायलाही अशीच पावडर वापरतात, ब्रोमीन लावलेली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मास्कमध्ये कोळसा होता, १९१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी लोकांकडून पीचच्या बिया गोळा केल्या होत्या. पण तुम्ही रस्त्यावर घालता तो काळा कार्बन मास्क धुळीसाठी नाही, पीएम २.५ अडवायचं तर एन-९५ चं कापड लागतं, कार्बनचा थर फक्त थोडा वास कमी करतो.

मग हे सगळं धरलेलं जातं कुठे? औषध कंपनीतला वापरलेला कार्बन घातक कचऱ्याच्या नियमांत २८.३ ह्या नंबरखाली येतो, तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा अधिकृत ठिकाणी मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला त्याची कागदोपत्री नोंद) जायला हवा किंवा सिमेंट भट्टीत जाळायला. मागच्या कुंपणाशी ओतून ठेवला तर पावसाळ्यात हळूहळू सगळं सोडतो आणि बोअरमध्ये जातं. पुन्हा भट्टीत वाफ देऊन ताजा करता येतो, दरवेळी ५ ते १० टक्के माल जळून जातो पण नव्यापेक्षा स्वस्त पडतो, फक्त एवढा माल एका ठिकाणी जमला तरच परवडतं, बारक्या युनिटांनी एकत्र येऊन करावं असं मला फार वाटतं पण अजून फारसं कुणी करत नाही.

आणि हे मिस्टरांना आवर्जून सांगा. ओला ॲक्टिव्हेटेड कार्बन बंद टाकीतला ऑक्सिजन ओढून घेतो. मीडिया बदलायला मॅनहोल उघडून माणूस आत उतरतो, आत काही वास नसतो, धूर नसतो, आणि दोन मिनिटांत तो खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो तोही पडतो. टाकी उघडून ब्लोअर लावायचा, मीटरने ऑक्सिजन मोजायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही आत जायचं नाही, वर एक माणूस दोरी धरून उभा. कंत्राटदाराची माणसं हे करत नसतील तर काम तिथेच थांबवायचं.